मुलानं विचारलं, ‘मी पुढं काय करू?’



मृगाचा पाऊस तोंडावर आला, की गावात दोन प्रश्न एकदम निघतात. एक रानातला आणि एक घरातला. रानातला प्रश्न असा, की यंदा काय पेरायचं? आणि घरातला असा, की दहावी झालेल्या पोराला किंवा पोरीला आता कुठं घालायचं? पहिल्या प्रश्नासाठी आपण जाणत्या माणसाकडे जातो. तो खरोखरीच जाणता असेल, तर एकदम ‘सोयाबीन पेर’ असं सांगून मोकळा होत नाही. तो विचारतो, रान हलकं की भारी? विहिरीला पाणी कुठवर टिकतं? मागल्या साली काय होतं? घरात राबणारी माणसं किती, गाठीला पैसा किती? हे सगळं ऐकून घेतो, मग दोन गोष्टी सांगतो आणि शेवटी म्हणतो, ‘बघ बाबा, रान तुझं आहे.’

दुसऱ्या प्रश्नाला मात्र आपण इतका दम धरत नाही. चौदा-पंधरा-सोळा वर्षांचं मूल भीतभीत शिक्षकांकडे येतं, नाहीतर मामाकडे, नाहीतर पुण्यामुंबईला नोकरी करणाऱ्या चुलत्याकडे जातं आणि विचारतं, ‘मी पुढं काय करू?’ आणि आपण मार्कांच्या कागदावर एक नजर टाकून निकाल देतो. ऐंशीच्या वर असेल तर सायन्स, साठ असेल तर कॉमर्स, त्याखाली आर्ट्स, आणि अगदीच कमी असेल तर आय.टी.आय. झाला सल्ला! रानाची चौकशी घटकाभर करणारे आपण, मुलाची चौकशी क्षणभरही करीत नाही. रानात चुकलं तर एक हंगाम जातो. इथं चुकलं, तर मुलाची दोन-चार वर्षं आणि बापानं काढलेलं कर्ज, दोन्ही जातात. म्हणून आज आपण एवढंच पाहायचं, की असं मूल आपल्याकडे आलं तर थोरल्या माणसानं नेमकं काय करावं.

हा विचार काही आजचा नाही. अमेरिकेत बोस्टन शहरी फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी १९०८ साली तरुण मुलांना व्यवसाय निवडायला मदत करणारं एक कार्यालय उघडलं. तिथल्या गरीब वस्तीत परदेशातून आलेल्या कुटुंबांची मुलं राहत होती. मिळेल ते काम धरायचं, सोडायचं, पुन्हा दुसरं धरायचं, असं त्यांचं चाललेलं. पार्सन्स यांचं सांगणं सोपं होतं. पहिली गोष्ट, स्वतःला ओळखा. दुसरी, कामांची खरी माहिती मिळवा. तिसरी, या दोहोंचा मेळ शांत डोक्यानं घाला. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ साली निघालं. शंभराहून अधिक वर्षं झाली, पण या तीन पायऱ्या अजून कुणी खोट्या ठरवलेल्या नाहीत. आपणही त्याच क्रमानं जाऊ.

पहिली पायरी मुलाला ओळखण्याची. ‘तुला काय व्हायचंय?’ असं विचारलं, की खेड्यातलं मूल ठरलेली उत्तरं देतं. शिक्षक, पोलीस, डॉक्टर, तलाठी, नाहीतर फौजी. का? तर त्यानं पाहिलेली पगारी माणसं तेवढीच. जे पाहिलंच नाही, ते मूल मागणार कसं? तेव्हा प्रश्न फिरवून विचारावा. कुणी न सांगता कोणतं काम करतोस? कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळत नाही? कोणतं काम टाळतोस? गावात कुणाचं काही अडलं, तर तुला कशासाठी बोलावतात?

समजा, दहावी झालेली एक मुलगी आपल्या बाईंकडे आली.

‘बाई, मी सायन्स घेऊ का?’

‘का गं, मनात काय आहे?’

‘वर्गातल्या सगळ्या हुशार मुली तेच घेणार आहेत.’

‘त्यांचं राहू दे. तुला काय करायला बरं वाटतं?’

‘तेच तर कळत नाही, बाई.’

‘बरं. मागं तुझी आजी दवाखान्यात होती, तेव्हा तिच्यापाशी कोण होतं?’

‘मीच होते. औषधांच्या वेळा मीच पाळल्या. तिथल्या सिस्टरनी मला ताप कसा लिहून ठेवायचा ते शिकवलं.’

‘कंटाळा आला असेल.’

‘नाही. झोप यायची रात्री, पण कंटाळा नाही आला.’

आता पाहा, दोन मिनिटांत केवढी माहिती बाहेर आली! गुणपत्रिकेत ती कुठंच नव्हती. पण इथंच आपण घाई करतो आणि म्हणतो, ‘मग नर्स हो की!’ शहाण्या बाई असं म्हणणार नाहीत. त्या सांगतील, ‘रविवारी त्याच दवाखान्यात जा. त्या सिस्टरना तीन गोष्टी विचारून ये. शिक्षण कोणतं झालं, रात्रपाळी किती असते, आणि या कामात त्यांना सगळ्यांत नकोसं काय वाटतं. वहीत लिहून आण, मग बोलू.’ मुलीला एक काम दिलं. ती ते करून आली, तर तिची ओढ खरी. आलीच नाही, तर तेही कळलं.

दुसरी पायरी कामांच्या माहितीची. इथं थोरल्या माणसाची मोठी अडचण अशी, की त्याची माहिती त्याच्या तरुणपणची असते. एके काळी कोकणातला आणि घाटावरचा मुलगा सरळ मुंबईच्या गिरणीत चिकटायचा. १९८२ च्या संपानंतर ती वाट आटत गेली. पुढं डी.एड. केलं की मास्तरकी मिळते, असा काळ आला. तोही गेला. आता डी.एड.वर भागत नाही, शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि तीही देऊन भरतीची वाट पाहणारे तरुण आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. फौजेचंही तसंच. २०२२ साली अग्निवीर योजना आली. तिच्यात नेमणूक चार वर्षांची असते आणि त्यानंतर सगळ्यांनाच कायम केलं जात नाही. जायला काहीच हरकत नाही, पण चार वर्षांनंतरचा विचार आधी करून जावं. म्हणून सल्ला देणाऱ्यानं स्वतःला एक सवय लावावी. ‘मला वाटतं’ म्हणण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडावी.

आता वाटा किती आहेत ते थोडक्यात पाहू. आय.टी.आय., म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. हिला आपण उगीचच नापासांची शाळा समजतो. वेल्डरचं काम एका वर्षाचं, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचं. फिटर-इलेक्ट्रिशियनला दहावी उत्तीर्ण असावं लागतं, पण काही व्यवसाय असे आहेत, की दहावी हुकलेल्या मुलालाही तिथं प्रवेश मिळतो. पुढं १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं. आणि पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट ही, की दोन वर्षांचा आय.टी.आय. पुरा केलेल्या मुलाला तंत्रनिकेतनाच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. दहावीनंतरची ती पदविका तीन वर्षांची. पदविका झाली, की अभियांत्रिकीच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे. म्हणजे ज्या वाटेला आपण आडवाट समजत होतो, ती फिरून हमरस्त्यालाच मिळते. फरक एवढाच, की या वाटेनं चालणारा मुलगा मधल्या कोणत्याही मुक्कामावर थांबून मिळवता होऊ शकतो. ज्या घरात दोन एकर जिराईत आहे आणि मागं दोन भावंडं आहेत, त्या घराला हा फरक फार मोठा आहे.

शेतीची आवड असेल, तर राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथं चार कृषी विद्यापीठं आहेत. कृषी पदवी चार वर्षांची. तिला अकरावी-बारावी विज्ञान लागतं आणि सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. काम करता करता शिकायचं असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हे काम करीत आहे. आणि दहावीत एक-दोन विषय राहिले, म्हणून मूल घरी बसवायची गरज नाही. एक-दोन विषय राहिलेल्यांना सवलतीनं अकरावीत बसता येतं, आणि पुरवणी परीक्षाही त्याच वर्षी होते.

आता आपल्या त्या मुलीकडे वळू. ती वही भरून आली. बाईंनी तिच्यापुढं माहिती मांडली. बी.एस्सी. नर्सिंगची पदवी चार वर्षांची. तिला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, शिवाय प्रवेश परीक्षा. जी.एन.एम. हा पदविकेचा अभ्यासक्रम. त्याला इंग्रजी घेऊन बारावी झालेल्या कला शाखेच्या मुलीही जाऊ शकतात. आता गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखाच आहे, विज्ञान तालुक्याला आहे. म्हणजे अकरावीला ‘जवळ आहे म्हणून’ कला शाखा घेतली, तर पदवीचं दार त्याच दिवशी लागतं, आणि ते लागलं हे मुलीला दोन वर्षांनी कळतं! विज्ञानातही तसंच आहे. गणित सोडलं की अभियांत्रिकी गेली, जीवशास्त्र सोडलं की डॉक्टरी आणि ही नर्सिंगची पदवी गेली. मुलं पुष्कळदा अवघड विषय टाळण्यासाठी निवड करतात. त्यांना एवढं तरी सांगावं, की बाबा रे, या विषयाबरोबर कोणती दारं लागतात ती ही बघ. मग खुशाल ठरव.

मंडळी, माहितीबरोबर कागद आले. गुण चांगले, मुलगी हुशार, आणि प्रवेश अडला जातवैधता प्रमाणपत्रासाठी, असं दर वर्षी कुठं ना कुठं घडतं. तेव्हा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, ज्यांना लागतं त्यांचं नॉन-क्रिमिलेअर, यांची तयारी नववीतच सुरू करावी. शाळेच्या दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेच्या पुस्तकावरचं नाव एकच आहे का, ते ताडून पाहावं. एका वेलांटीपायी शिष्यवृत्ती अडकते. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की वर्गाच्या भिंतीवर या कागदांची यादी लावा आणि पालकसभेत ती मोठ्यानं वाचून दाखवा. उत्तम भाषणापेक्षा या एका यादीनं जास्त मुलं पुढं जातील.

पैशाचं दुखणंही याच वेळी उघडं बोलावं. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तिच्यात निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जाण्यासाठी एस.टी.चा पास मोफत आहे. म्हणजे ‘तालुक्याला रोज जायला भाडं कुठून आणू?’ या बापाच्या प्रश्नाला उत्तर आहे, फक्त ते त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. २०२४ साली राज्य शासनानं आणखी एक निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, वर्षाचं घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय पद्धतीनं झालेला असला पाहिजे. दलालामार्फत, व्यवस्थापनाच्या जागेवर प्रवेश घेतला, तर ही माफी नाही. ही अट ज्याला ठाऊक नसते, तो हातची सवलत घालवून वर सावकाराकडे जातो.

दलाल म्हटलं, म्हणून एक सावधगिरी. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असं जिथं लिहिलेलं असेल, तिथं पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. या अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची? आणि मागच्या वर्षी इथून बाहेर पडलेल्या दोन मुलांचे पत्ते मिळतील का? मान्यतेचं नाव मिळालं, की ते त्या मान्यता देणाऱ्या परिषदेच्या यादीत आहे का, तेही पाहा. खरी संस्था असेल तर राग मानणार नाही. तसंच ज्याला तुमच्या प्रवेशातून पैसे मिळतात, त्याचा सल्ला हा सल्ला नव्हे, ती विक्री. हा नियम शिक्षकांनी स्वतःलाही लावून घ्यावा.

तिसरी पायरी मेळ घालण्याची. इथं मुलाला कागद-पेन्सिल घेऊन बसवावं. दोन किंवा तीन वाटा लिहाव्यात, एकच नको. प्रत्येकीपुढं लिहावं, वर्षं किती, खर्च किती, राहायचं कुठं, मध्येच सोडावं लागलं तर हाती काय राहतं, आणि पुढची कोणती दारं उघडी राहतात. शेवटचे दोन प्रश्न फार मोलाचे आहेत, कारण सोळाव्या वर्षी मुलाला सगळं उमगावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. आज त्याला जे आवडतं ते विसाव्या वर्षी आवडेलच असं नाही. तेव्हा दोन वाटा सारख्याच चांगल्या वाटल्या, तर जिच्यात परतायला आणि वळायला जागा आहे ती धरावी. आणि जमलं तर सुटीत चार दिवस ते काम जवळून पाहू द्यावं. गॅरेज पाहावं, रोपवाटिका पाहावी, दवाखाना पाहावा, जमाखर्च लिहिणाऱ्याच्या शेजारी बसावं. कलचाचण्या होतात, त्यांनी दिशा दिसते, हे खरं. पण घरातलं कर्ज, आजारी आई आणि वस्तीपासून बसथांब्याचं अंतर कोणत्याही चाचणीत उतरत नाही.

आणि घरच्यांना यात घेतल्यावाचून हा मेळ बसत नाही. मुलीचा बाप ‘नाही’ म्हणतो, तेव्हा तो शिक्षणाचा वैरी असतो असं समजू नये. त्याच्या मनात ठरावीक धास्त्या असतात. पोरगी राहील कुठं, येईल-जाईल कशी, लोक काय म्हणतील, लग्नाचं काय होईल. बाईंनी त्याच्या ओट्यावर जाऊन बसावं आणि एकेका धास्तीला एकेक उत्तर द्यावं. वसतिगृह कुठं आहे, तिथं गावची आणखी कोण मुलगी आहे, बस किती वाजता परत येते. आणि लग्नाचं निघालंच, तर अठरा वर्षांआधी कायदाच आडवा येतो, हे शांतपणे सांगावं. वाद घालून घर जिंकता येत नाही. धास्त्या कमी केल्या, की बाप आपणहून म्हणतो, ‘बरं, वर्षभर पाहू.’ त्या ‘वर्षभर’मध्ये मुलीचं आयुष्य बदलतं.

थोरल्या माणसाच्या एवढ्याशा लक्ष देण्यानं काय होतं, याचं एक मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईला कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक होते. विल्सन हायस्कूलमध्ये शिकवायचे. चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी बसत. तिथं एक मुलगा रोज एकटाच वाचत बसलेला त्यांना दिसे. तो त्यांच्या शाळेतला नव्हता. त्यांनी होऊन त्याची चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तकं दिली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. पुढं कॉलेजात पैशाची अडचण आली, तेव्हा ते त्याला घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली तो तरुण बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेला. ते भीमराव आंबेडकर.

केळुसकर गुरुजींनी काय काय केलं ते मोजून पाहा. मुलाकडे लक्ष दिलं. त्याची ओढ ज्या बाजूला होती, त्या बाजूचं खाद्य पुरवलं. आणि अडलेलं एक दार स्वतः जाऊन ठोठावलं. हुशारी मुलाची, कष्ट मुलाचे, वाट चालायचीही त्यानंच. पण ही तीन कामं वेळेवर झाली नसती, तर ती वाट किती अवघड झाली असती!

ही तीन कामं करायला मोठी पदवी लागत नाही. शाळेत एक वही ठेवा. आपल्या शाळेतून गेलेली मुलं-मुली आज कुठं काय करतात, ते तिच्यात लिहा. वर्षातून दोनदा त्यांतल्या दोघांना बोलावून मुलांपुढं बसवा. यशस्वी झालेल्याला बोलवा, तसं वाट बदललेल्यालाही बोलवा. निकालानंतर आठ दिवस संध्याकाळी तासभर शाळा उघडी ठेवा, म्हणजे मूल आणि त्याचा बाप दोघांना येता येईल. आणि जे गावकरी शिक्षक नाहीत, त्यांनी आपल्या ओळखीतलं एक मूल धरावं. फार नको, एकच. त्याला नववीपासून बारावीपर्यंत सहा महिन्यांतून एकदा विचारावं, ‘काय रे, कसं चाललंय? काही अडलंय का?’

मूल विचारायला येतं, तेव्हा त्याला तयार उत्तर हवं असतं असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे आपलं कुणी ऐकेल का, हे ते पाहत असतं. तेव्हा आधी त्याला बसवा, पाणी द्या, आणि पहिला प्रश्न तुम्ही विचारा.